‘वाढणे’ आणि ‘वाढविणे’ : निर्देशांकबद्ध भाडेकराराच्या भाषेची चिकित्सा

१

घरभाड्याचा करार हा विषय आजवर वकील आणि अर्थशास्त्रज्ञ यांच्याकडे सोपविला गेला आहे. भाषाभ्यासकाने त्याकडे वळावे असे काही त्यात असेल, अशी कल्पना सहसा केली जात नाही. तथापि ज्या करारात भाड्याची रक्कम कायमची ठरविलेली नसून किमतींच्या निर्देशांकाशी जोडलेली असते, त्या करारात आकड्यापेक्षा वाक्यच अधिक काम करीत असते. ठरीव भाड्याच्या करारात रक्कम लिहिलेली असते. निर्देशांकबद्ध करारात उद्याची रक्कम लिहिलेली नसते. ती कशी काढावी हे सांगणारे वाक्य तेवढे असते. त्या वाक्याचा कर्ता कोण, क्रियापद कोणते, आणि वाक्यात सांगितलेला परिणाम कोणी काही बोलल्यावर घडतो की न बोलताच घडतो, ह्या प्रश्नांच्या उत्तरांवर भाडेकरूचे दरमहाचे देणे अवलंबून राहते. देणे थकले तर घर जाते. म्हणून हे प्रश्न केवळ व्याकरणाचे राहत नाहीत.

प्रस्तुत विवेचनासाठी जर्मनीच्या नागरी संहितेतील निर्देशांकबद्ध भाड्याचे कलम मुख्य उदाहरण म्हणून घेतले आहे. त्याच्या जोडीला फ्रान्समधील कायदा तपासला आहे, आणि शेवटी महाराष्ट्रातील भाडे नियंत्रणाच्या तरतुदीकडे त्याच दृष्टीने पाहिले आहे. प्रतिपाद्य असे की, महागाईशी जोडलेल्या भाडेकरारात भाडेकरूचा पहिला हक्क वाढीच्या रकमेविषयीचा नसून वाढीच्या उच्चाराविषयीचा आहे. वाढ कोणीतरी, आपल्या नावाने, आकड्यांसह, भाडेकरूला सांगितली पाहिजे; सांगितल्यावाचून ती अस्तित्वात येता कामा नये. हा हक्क ज्या कायद्याच्या वाक्यरचनेत आहे तेथे इतर हक्कांना आधार मिळतो. जेथे तो नाही, तेथे इतर हक्क कागदावर असूनही डळमळीत राहतात.

२

मराठीत ‘वाढणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. त्याच धातूला ‘व’ हा प्रत्यय लागून ‘वाढविणे’ हे प्रयोजक रूप सिद्ध होते. (पानात वाढणे, नारळ वाढविणे, दिवा वाढविणे ह्या प्रयोगांतील अर्थ येथे अभिप्रेत नाहीत.) ‘घरमालक भाडे वाढवितो’ ह्या वाक्यात घरमालक कर्ता आहे आणि भाडे कर्म. ‘भाडे वाढते’ ह्या वाक्यात भाडे हेच कर्ता होऊन बसते; झाड वाढावे, मूल वाढावे, तसे ते आपल्या अंगच्या गुणाने वाढते. ‘भाडे वाढविले जाईल’ ह्या कर्मणी रचनेत घरमालकाचा उल्लेख गळलेला असला, तरी ‘कोणाकडून?’ असा प्रश्न त्या वाक्याला विचारता येतो. ‘भाडे वाढेल’ ह्या वाक्याला तो प्रश्न विचारताच येत नाही. कर्ता लपविणे आणि कर्त्याची जागाच नसणे ह्यांतील हा भेद आहे. ‘भाडेवाढ’ ह्या सामासिक शब्दात तर दोन्ही क्रियापदे विरघळून जातात आणि वाढ कोणाच्या कृतीने झाली याचा मागमूस उरत नाही.

व्यवहारातील करारांची धाटणी लक्षात घेऊन नमुन्यादाखल रचलेले पुढील वाक्य पाहावे : ‘सदर भाडे दरवर्षी महागाईनुसार आपोआप वाढेल व ती वाढ भाडेकरूवर बंधनकारक राहील.’ वाक्य सोपे आहे, व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे आणि ऐकताना न्याय्यही वाटते. परंतु त्यातील प्रत्येक पद तपासू लागले की त्याचा आशय निसटू लागतो. ‘महागाई’ हा अनुभवाचा शब्द आहे, मोजमापाचा नव्हे. बाजारातून परत येणारी गृहिणी ज्या अर्थाने तो वापरते त्या अर्थाला आकडा नसतो. आकडा असतो तो एखाद्या विशिष्ट संस्थेने, विशिष्ट वर्ष पायाभूत धरून, विशिष्ट वस्तूंच्या किमतींवरून काढलेल्या निर्देशांकाला. वाक्यात संस्था नाही, पायाभूत वर्ष नाही, कोणत्या महिन्याची तुलना कोणत्या महिन्याशी करावयाची हेही नाही. ‘दरवर्षी’ म्हणजे वर्षाच्या कोणत्या दिवशी, हे नाही.

सर्वांत घातक पद ‘आपोआप’ हे होय. ह्या एका अव्ययामुळे वाढ ही घटना ठरते, कृती राहत नाही. घटना कोणी कळविली नाही तरी घडून गेलेली असते. परिणामी जो भाडेकरू जुन्या दराने नेमाने भाडे देत आहे, तो वर्ष उलटताच स्वतःच्या नकळत थकबाकीदार होतो. तीन वर्षांनी घरमालकाने हिशेब पुढे केला, तर थकबाकी तीन वर्षांची निघते. आणि ती आता निर्माण झाली असे नव्हे, पूर्वीपासूनच होती असे वाक्याचा अर्थ सांगतो. निर्देशांकबद्ध करारातील भाडेकरूचे खरे भय रकमेपेक्षा ह्या अनभिज्ञ थकबाकीत आहे.

३

जर्मनीत निर्देशांकाशी देणी जोडण्याच्या कल्पनेकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले गेले. १९२३ च्या प्रचंड चलनवाढीचा अनुभव त्या समाजाच्या स्मरणात होता, आणि १९४८ च्या चलनविषयक कायद्याने किमतींशी जोडलेल्या देण्यांच्या कलमांना पूर्वपरवानगीवाचून मनाई केली. १ सप्टेंबर २००१ रोजी अमलात आलेल्या भाडेविषयक सुधारणेने नागरी संहितेला आजच्या ५५७-ब ह्या कलमाचे रूप दिले. अशा भाड्याला त्या कलमात ‘इंडेक्समीटे’, म्हणजे निर्देशांकभाडे, अशी संज्ञा आहे.

कलमाची रचना पायरीपायरीने चालते. पहिली पायरी कराराची. भाडे निर्देशांकाने ठरावे असे दोन्ही पक्षांना लेखी ठरविता येते. आणि कोणता निर्देशांक, ह्याची निवड पक्षांवर सोडलेली नाही. संघराज्याच्या सांख्यिकी कार्यालयाने काढलेला, देशातील सर्व खाजगी कुटुंबांच्या निर्वाहखर्चाचा निर्देशांक असा त्याचा निर्देश केलेला आहे. म्हणजे ‘महागाई’ ह्या शब्दाला जी संस्था व जे मोजमाप लागते ते कायद्याच्या वाक्यातच पुरविलेले आहे. येथे एक भाषिक विसंगती नोंदण्यासारखी आहे. सांख्यिकी कार्यालय आता ह्या आकडेवारीला ‘ग्राहक किंमत निर्देशांक’ म्हणते. कायद्यात मात्र ‘निर्वाहखर्च’ हे जुने नाव राहिले आहे. अर्थनिष्पत्तीला त्यामुळे बाधा येत नाही, कारण कार्यालय एक आणि मोजमाप एक. परंतु नाव आणि नामनिर्दिष्ट वस्तू यांच्यात कालांतराने अंतर कसे पडते, याचे हे चांगले उदाहरण होय.

दुसरी पायरी काळाची. निर्देशांकभाड्याच्या मुदतीत भाडे प्रत्येक वेळी किमान एक वर्ष तसेच राहिले पाहिजे. तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. भाड्यातील बदल हा निवेदनाद्वारेच अमलात आणावा लागतो. त्या निवेदनात निर्देशांकात झालेला बदल आणि नवे भाडे किंवा वाढीची रक्कम चलनाच्या आकड्यात द्यावी लागते. आणि बदललेले भाडे, निवेदन भाडेकरूच्या हाती पडल्याच्या महिन्यानंतरचा एक महिना सोडून त्यापुढील महिन्याच्या आरंभापासून देय होते. निवेदन मार्चमध्ये पोचले, तर नवे भाडे मे महिन्यापासून. कलमाचा शेवट असा की, भाडेकरूच्या नुकसानीचा ठरेल असा कोणताही वेगळा करार निरर्थक समजावा.

ह्या रचनेत निर्देशांक वर गेला म्हणजे भाडे वर जात नाही. निर्देशांक वर गेल्याने घरमालकाला एक विशिष्ट वाक्य उच्चारण्याचा अधिकार मिळतो, आणि ते वाक्य उच्चारल्यावर भाडे वर जाते. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी भाषाविचारात रूढ केलेली संकल्पना येथे नेमकी लागू पडते. काही वाक्ये घडलेल्या गोष्टीचे वर्णन करीत नाहीत, तर त्यांच्या उच्चारानेच ती गोष्ट घडते. ‘आपोआप वाढेल’ असे म्हणणाऱ्या करारात घरमालकाचे नंतरचे पत्र हे केवळ वर्णन असते. वाढ झाली होती, हे ते कळविते. जर्मन कलमातील निवेदन ही कृती आहे. तेच वाढ घडविते. अशा कृतिवाक्यांना त्यांच्या सिद्धीच्या अटी असतात, आणि अट मोडली तर वाक्य खोटे ठरत नाही, निष्फळ ठरते. निवेदनात रक्कम नसेल, किंवा ते भाडेकरूला पोचलेच नसेल, तर भाडे पूर्वीचेच राहते. मागची थकबाकी उभी राहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

निवेदनाचे रूप कसे असावे हेही संहितेने वेगळ्या कलमात सांगितले आहे. ते वाचनीय असावे, टिकाऊ माध्यमावर असावे आणि निवेदन करणाऱ्या व्यक्तीचे नाव त्यात असावे. इलेक्ट्रॉनिक टपालानेही ते पाठविता येते. परंतु निनावी पाठविता येत नाही. ‘भाडे वाढेल’ ह्या वाक्यातून जो कर्ता नाहीसा झाला होता, त्याला कायद्याने नावानिशी परत आणले आहे.

४

आता शब्दनिवडीकडे वळता येईल. जर्मन कलमाच्या मुख्य वाक्यात ‘वाढ’ नव्हे, ‘बदल’ ह्या अर्थाचा शब्द आहे. हा भेद लहान दिसला तरी दूरगामी आहे. बदलाला दोन दिशा असतात, वाढीला एकच. निर्देशांक खाली आला तर भाडेकरूही निवेदन करून भाडे उतरवून घेऊ शकतो; आणि केवळ वाढीची दिशा मान्य करून उताराची वाट बंद करणारी तरतूद कलमाच्या शेवटच्या नियमाला धक्का देते. हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. २०२० च्या उत्तरार्धात जर्मनीने मूल्यवर्धित कराचा दर १९ टक्क्यांवरून तात्पुरता १६ टक्क्यांवर आणला होता, आणि त्या वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत निर्देशांक आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यांपेक्षा किंचित खाली होता. मराठीत मात्र अशा कलमाचे शीर्षकच ‘भाडेवाढ’ असे दिले जाते. शीर्षकानेच एक दिशा बंद झाल्यावर कलमाच्या आत दुसरी दिशा कोणी शोधीत नाही.

दुसरा प्रश्न अंकांच्या भाषेचा. निर्देशांकातील फरक ‘अंकां’त सांगता येतो आणि ‘टक्क्यां’त सांगता येतो, ही दोन मापे एक नव्हेत. २०२० हे वर्ष १०० धरून जर्मनीचा वार्षिक सरासरी निर्देशांक २०२२ मध्ये ११०.२ आणि २०२३ मध्ये ११६.७ होता. फरक ६.५ अंकांचा, परंतु ११०.२ वर ६.५ म्हणजे सुमारे ५.९ टक्के. भाडे ८०० युरो असेल, तर ह्या दोन सरासरींच्या तुलनेने योग्य वाढ ४७.१९ युरो होते. अंकांनाच टक्के समजून आकारणी केली, तर ती ५२ युरो होईल. फरक महिन्याला ४.८१ युरो, वर्षाला सुमारे ५८ युरो. आणि पुढच्या प्रत्येक वर्षीची वाढ ह्या चुकलेल्या रकमेवर बसणार. पायाभूत वर्षापासून निर्देशांक जितका दूर जातो तितकी ही चूक मोठी होते. सामान्य वाचक हे दोन शब्द एकमेकांऐवजी वापरतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही चूक लबाडीवाचूनही होऊ शकते हे पटते.

म्हणूनच जर्मन सर्वोच्च न्यायालयाचा २२ नोव्हेंबर २०१७ चा निर्णय चिकित्सेस पात्र ठरतो. निवेदनात निर्देशांकाचे जुने व नवे आकडे आणि रक्कम दिली असेल, तर बदलाची टक्केवारी स्वतंत्रपणे लिहिली नाही म्हणून निवेदन अवैध होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. कायद्याच्या शब्दांशी हा निर्णय सुसंगत आहे. कलमात टक्केवारीचा उल्लेख नाही. दोन आकड्यांवरून टक्केवारी काढणे हे साधे गणित आहे, हेही खरे. परंतु ज्या पायरीवर अंक आणि टक्के यांची गल्लत होते नेमकी तीच पायरी निवेदनातून वगळण्याची मुभा ह्यामुळे मिळते. कलमाने घरमालकाला बोलावयास लावले, पण तर्काचा मधला दुवा न उच्चारण्याची सवलत राहिली. पडताळण्याचा भार वाचणाऱ्यावर पडला.

५

फ्रान्समध्ये राहत्या घरांचे भाडेसंबंध ६ जुलै १९८९ च्या कायद्याने नियंत्रित होतात. तेथे भाड्याच्या फेरतपासणीसाठी करारात स्पष्ट कलम असावे लागते, आणि वाढीची मर्यादा सांख्यिकी संस्था दर तिमाहीस प्रसिद्ध करीत असलेल्या ‘भाडे संदर्भ निर्देशांका’ने ठरते. हा निर्देशांक काढताना ग्राहक किमतींतून तंबाखू आणि घरभाडे ही दोन्ही वगळली जातात.

भाडे वगळण्यामागचा विचार भाषाभ्यासकाच्या चटकन ध्यानात यावा असा आहे, कारण तो आत्मनिर्देशाचा प्रश्न आहे. सर्वसाधारण निर्देशांकात घरभाड्याचा मोठा वाटा असतो. त्याच निर्देशांकाने भाडे ठरवावयाचे म्हटले, तर भाडे वाढल्याने निर्देशांक वाढतो आणि निर्देशांक वाढल्याने भाडे वाढते. विधान स्वतःलाच पुरावा म्हणून पुढे करते. जर्मन पद्धतीत हे वर्तुळ राहिले आहे. फ्रेंच पद्धतीने ते तोडले आहे.

फ्रेंच कायद्याचे दुसरे वैशिष्ट्य मौनाला दिलेल्या अर्थात आहे. फेरतपासणीच्या ठरलेल्या तारखेपासून वर्षभरात घरमालकाने आपली इच्छा प्रकट केली नाही, तर गेलेल्या वर्षाच्या वाढीवरील हक्क त्याने सोडला असे धरले जाते. आणि वर्षाच्या आत मागणी केली, तरी वाढ मागणीच्या दिवसापासूनच लागू होते, मागील तारखेपासून नव्हे. ‘आपोआप वाढेल’ असे म्हणणाऱ्या करारात घरमालकाचे मौन भाडेकरूविरुद्ध साठत जाते. जर्मन कायद्यात मौनाने काहीच घडत नाही. फ्रेंच कायद्यात मौन बोलते, आणि ते भाडेकरूच्या बाजूने बोलते. एकाच मौनाचे हे तीन अर्थ आहेत, आणि प्रत्येक अर्थाबरोबर भाडेकरूच्या डोक्यावरील छताची शाश्वती बदलते.

६

महाराष्ट्रात महागाई आणि भाडे यांचा संबंध वेगळ्या वाटेने आला. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी भाड्याने दिलेल्या जागांसाठी त्या दिवशीचे भाडे हे ‘प्रमाण भाडे’ मानले. अर्थशास्त्राच्या भाषेत हे भाडे गोठविणे होते. योगायोगाची नव्हे, तर विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, त्याच मुंबईत गिरणी कामगारांचा महागाई भत्ता राहणीखर्चाच्या निर्देशांकाशी जोडलेला होता. म्हणजे निर्देशांकाची कल्पना शहराला अपरिचित नव्हती. ती मजुरीला लागू झाली, भाड्याला झाली नाही. पुढे १९ डिसेंबर १९९७ रोजी मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या खटल्यात, प्रमाण भाडे गोठविणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत असे मत सर्वोच्च न्यायालयाने दिले. मात्र कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपत असल्याने त्या रद्दबातल ठरविल्या नाहीत. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या ११ व्या कलमाने घरमालकाला भाड्यात दरसाल चार टक्के वाढ करण्याचा हक्क दिला.

ह्या तरतुदीत निर्देशांक नाही. महागाई चार टक्क्यांहून अधिक असो वा उणी असो, वाढ चारच टक्के. भाडेकरूच्या दृष्टीने त्यात निश्चितीचा लाभ आहे. परंतु आकडा आणि कारण यांचा संबंध तुटलेला आहे. वाढ का, ह्याचे उत्तर ‘कायद्यात आहे म्हणून’ एवढेच देता येते. वाक्यरचनेच्या दृष्टीने येथे घरमालक कर्ता आहे आणि ‘वाढ करण्यास हक्कदार असणे’ हे विधेय आहे. म्हणजे क्रियापद ‘वाढविणे’ ह्या जातीचे आहे, ‘वाढणे’ ह्या जातीचे नव्हे. हक्क असणे म्हणजे तो बजावणे नव्हे. तो बजावण्यासाठी काहीतरी करावे लागते, असा अर्थ ह्या रचनेतून निघतो. पण काय करावे, हे त्या वाक्यात येत नाही. निवेदनाचे रूप, त्यातील आकडे, ते पोचल्यापासूनची मुदत ह्यांपैकी काहीही जर्मन कलमाप्रमाणे तेथे मांडलेले नाही.

‘भाड्यात दरसाल चार टक्के’ ह्या पदबंधात आणखी एक संदिग्धता आहे. ‘भाडे’ म्हणजे मूळचे भाडे, की आदल्या वर्षी वाढलेले भाडे? वाक्य दोन्ही अर्थ पेलते. १०० रुपयांच्या भाड्याचे पहिल्या अर्थाने २५ वर्षांनी २०० रुपये होतात. दुसऱ्या अर्थाने सुमारे २६७. एका नामाच्या निर्देशावर ६७ रुपयांचा फरक अवलंबून आहे.

ही संदिग्धता निरुपद्रवी नाही. त्याच अधिनियमाच्या १५ व्या कलमाप्रमाणे, भाडेकरू प्रमाण भाडे आणि अनुज्ञात वाढ देत असेल किंवा देण्यास तयार असेल, तोवर भाड्याच्या कारणावरून त्याला घराबाहेर काढता येत नाही; आणि थकबाकीच्या दाव्यापूर्वी नोटीस देऊन ९० दिवसांची मुदत द्यावी लागते. हे संरक्षण मोलाचे आहे. परंतु ‘देण्यास तयार असणे’ ही मनःस्थिती आहे, आणि ज्या रकमेविषयी कोणी काही सांगितलेलेच नाही ती देण्यास तयार असणे अर्थदृष्ट्या अशक्य आहे. तयारीला कळणे अगोदर लागते. म्हणून वाढीच्या निवेदनाचा प्रश्न हा ह्या संरक्षणाच्या पायाचा प्रश्न आहे.

शहरांतील आजच्या बहुसंख्य नव्या करारांचे नाव मात्र भाडेकरार नसते. ते ‘लिव्ह अँड लायसन्स’चे, म्हणजे परवान्याचे करार असतात. घरात राहणारा माणूस स्वतःला भाडेकरू म्हणतो, शेजारी त्याला भाडेकरू म्हणतात, महिन्याच्या रकमेला सर्वजण भाडे म्हणतात. कागद मात्र त्याला परवानाधारक आणि त्या रकमेला परवाना शुल्क म्हणतो. बोलीतील शब्द आणि कागदावरील शब्द यांच्यातील ह्या अंतरात हक्कांचा मोठा भाग गळून जातो. मुदत संपल्यावर परवानाधारकाने जागा सोडली नाही, तर २४ व्या कलमाप्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज होऊ शकतो आणि दुप्पट शुल्काइतकी भरपाई द्यावी लागते. अशा करारांत पहिल्या अकरा महिन्यांनंतर पाच किंवा दहा टक्के वाढ असे कलम वारंवार आढळते. ते जवळजवळ नेहमी ‘वाढेल’ ह्या क्रियापदाने लिहिलेले असते. ह्या चित्रात एक आश्वासक तरतूद ५५ व्या कलमाची. करार लेखी असावा, त्याची नोंदणी व्हावी आणि ही जबाबदारी घरमालकाची, असे ते सांगते. नोंदणीकृत लेखी करार नसेल, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. येथे कायद्याने घरमालकाच्या मौनाला फ्रेंच पद्धतीचा अर्थ दिला आहे. मात्र तो कराराच्या आरंभापुरता. वाढीच्या क्षणी तो उपयोगी पडत नाही.

७

ह्यावर एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. वाक्य कितीही नेटके लिहिले तरी भाडे कमी होत नाही. ज्याची मिळकत वाढलेली नाही त्याला निवेदन पद्धतशीर मिळाले काय आणि न मिळाले काय! जर्मनीतील अनुभव ह्या आक्षेपाला पुष्टी देतो. तेथे स्थानिक तुल्य भाड्यापर्यंत वाढ करण्याच्या नेहमीच्या पद्धतीला तीन वर्षांत २० टक्के, आणि घरांची टंचाई असलेल्या भागांत १५ टक्के, अशी कमाल मर्यादा आहे. निर्देशांकभाड्याला ती लागू नाही. २०२० ते २०२३ ह्या अवधीत वार्षिक सरासरी निर्देशांक १६.७ टक्क्यांनी चढला, आणि निर्देशांकभाडे भरणाऱ्यांना ही चढण जवळजवळ पूर्णपणे सोसावी लागली. किमती स्थिर असलेल्या वर्षांत जे कलम भाडेकरूला सोयीचे वाटत होते, तेच २०२२ मध्ये ओझे झाले. फ्रान्सने त्या वर्षी १६ ऑगस्टच्या कायद्याने मुख्यभूमीतील वाढ ३.५ टक्क्यांवर रोखली आणि ही मर्यादा पुढे २०२४ च्या पहिल्या तिमाहीपर्यंत नेली. स्पेननेही मार्च २०२२ मध्ये वार्षिक वाढीला २ टक्क्यांची मर्यादा घातली. रकमेचा प्रश्न रकमेनेच सुटतो, हे ह्या उदाहरणांवरून मान्य करावे लागते.

परंतु आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरली आहे. ती म्हणजे, मर्यादा घातली की ती पाळली जाईल. मर्यादा पाळली गेली की नाही हे भाडेकरूला कळावयाचे कसे? ज्या वाढीचा उच्चार झालेला नाही, जिचे आकडे मांडलेले नाहीत, जिला कर्ता नाही, ती मर्यादेच्या आत आहे की बाहेर हे पडताळता येत नाही. कमाल मर्यादा हा रकमेचा नियम आहे आणि निवेदन हा ज्ञानाचा नियम आहे. पहिला नियम दुसऱ्याच्या आधारावर उभा राहतो. जर्मन कलमाचे उणेपण एवढेच की त्यात दुसरा आहे आणि पहिला नाही. महाराष्ट्राच्या अधिनियमात पहिला आहे आणि दुसरा अर्धवट आहे. खाजगी करारांतील ‘आपोआप’ वाढणाऱ्या कलमात दोन्ही नाहीत.

८

आरंभी दिलेल्या नमुना-वाक्याकडे परत येऊन त्याची पुनर्रचना करून पाहिली, म्हणजे प्रस्तुत चिकित्सेचा निष्कर्ष हाती लागतो. ते वाक्य पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

‘अमुक संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अमुक निर्देशांकात बदल झाल्यास, भाडे किमान एक वर्ष स्थिर राहिल्यानंतर, घरमालक किंवा भाडेकरू हा दुसऱ्या पक्षास स्वतःच्या नावाने लेखी निवेदन देऊन त्या बदलाच्या टक्केवारीच्या प्रमाणात भाडे बदलू शकेल. निवेदनात निर्देशांकाचे जुने व नवे आकडे, बदलाची टक्केवारी आणि नवी रक्कम रुपयांत लिहावी. नवे भाडे निवेदन मिळाल्यानंतरचा एक पूर्ण महिना सोडून त्यापुढे देय होईल; तत्पूर्वीच्या काळासाठी फरक मागता येणार नाही.’

ह्या वाक्यांत ‘वाढेल’ नाही, ‘बदलू शकेल’ आहे. ‘महागाई’ नाही, निर्देशांक आहे. ‘आपोआप’ नाही, निवेदन आहे. मूळ वाक्याच्या चौपटीहून ती लांब झाली आहेत. हा लांबीचा दोष नव्हे. मूळ वाक्य आखूड होते, कारण जे सांगण्याचे श्रम घरमालकाने घ्यावयाचे ते त्यातून गाळले होते आणि जे सोसावयाचे ते भाडेकरूसाठी ठेवले होते. निर्देशांक वर गेला हे सांख्यिकी कार्यालय सांगेल. भाडे वाढविले हे मात्र घरमालकालाच सांगावे लागेल, आणि तो ते सांगेपर्यंत ते वाढलेले नसेल. भाडेकरूच्या हक्काचा आरंभ ह्या एका प्रयोजक क्रियापदापासून होतो.